गावानं मला भोजली केलं

मला आमच्या गावात भोजली म्हणतात. पन्नाशीच्या आतल्या कोणालाही माझं खरं नाव माहीत नाही. रेशन दुकानात ते नाव पुकारलं की मीसुद्धा लगेच उठत नाही. हे नाव आईबापानं ठेवलेलं नाही, सासरच्यांनीही नाही. ते एका बाईनं दिलं, आणि मागच्या पावसाळ्यात तिनंच ते मोडलं.

भोजली म्हणजे श्रावणात टोपलीत पेरलेले गहू. टोपली अंधारात ठेवून हळदीचं पाणी शिंपडतात, म्हणून कोंब पिवळे निघतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी पोरी ती तळ्यात शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेतात. थोडे कोंब मागे ठेवून आपल्या मैत्रिणीच्या कानावर खोचायचे. मग त्या दोघी जन्मभराच्या भोजली. एकमेकींना त्याच नावानं हाक मारायची, भेटल्यावर 'सीताराम भोजली' म्हणायचं, खरं नाव घ्यायचं नाही. भांडण झालं तरी नाही.

हा रिवाज छत्तीसगडकडच्या लोकांचा, आमच्या घरात नव्हता. पण शेजारची छत्तीसगडी पोरगी माझ्यासोबत मोहाची फुलं वेचायला यायची. चौथीनंतर मला शाळेतून काढलं, त्याच वर्षी तिनं माझ्या कानावर कोंब खोचले. आई म्हणाली, "जात ना पात, अन् भोजली होऊन आली." पण कोंब काढून टाक म्हणाली नाही.

तिचं लग्न आधी झालं. वर्षभरानं तिनंच तिच्या सासरच्या गावात माझं जुळवून आणलं. माझ्यादेखत माझ्या सासूला म्हणाली, "पोरगी तोंडाची तिखट आहे, पन धानाच्या रोवनीत दोघींचं काम करते." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सासूनं माझ्यासाठी देवीचं मोठं नाव निवडलं होतं. नवऱ्यानं ते तांदळात लिहिलं, साखर वाटली. तेवढ्यात माझी भोजली गल्लीच्या टोकापासून ओरडत आली, "भोजली वो, आली का?" मांडवातले सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरच्या बाया मला भोजली म्हणू लागल्या. तिचं सासरचं नाव तोवर गावात मुरलं होतं, म्हणून तिला भोजली म्हणणारी मी एकटीच. सासू मरेपर्यंत म्हणायची, "मी ठेवलेलं नाव कोनी वापरलंच नाई. कोरंच राहिलं."

मागच्या आषाढात तिच्या बकऱ्या माझ्या धानाच्या बांधीत शिरल्या आणि रोवणीसाठी तयार केलेले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, खाऊन गेल्या. ती शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी होती. मी म्हटलं, "तुया सुनेले बकऱ्या सांभारता येत नाई, का तुले सून सांभारता येत नाई?"

सून बाजूलाच होती. रोवणीच्या बायाही होत्या. भोजलीचं तोंड लाल झालं आणि तिनं माझं नाव घेतलं. माझं खरं नाव, बापाच्या नावासकट. मी विळा उचलला आणि घरी आले.

माझी सूनबाई म्हणाली, "तुम्हीच बोलून टाका ना, आई."

"मी कायले? नाव तिनं घेतलं."

असं नाव घेणारीनं मिटवायला नारळ घेऊन यायचं असतं. ती आली नाही. गावातली पोरं मला भोजलीआजी म्हणतच होती, पण जिनं नाव दिलं तिनंच मोडलं, तर त्या हाकेला ओ तरी कशी देऊ? महिनाभर बाजारात ती दिसली की मी दुसऱ्या ओळीतून जायची. तीही तेच करायची. भोजली शिरवायच्या दिवसापर्यंत ती आली नाही, तर पुढे कोणी भोजली म्हटलं तर वळायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

राखीच्या दुसऱ्या दिवशी पोरी टोपल्या घेऊन तळ्याकडे निघाल्या. त्यांच्या मागून ही लंगडत आली. डोक्यावर टोपली. या वयात तिनं स्वतः पेरली होती. माझ्या ओट्यावर बसली आणि गुडघा चोळू लागली.

मी विचारलं, "काऊन आली?"

"तुया पऱ्ह्याचं पाहाले नाई आली."

"नारळ कुठं आहे?"

"बकरीनं खाल्ला."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. तिनं कोंब काढले. मी म्हटलं, "त्या कानानं मले आयकू येत नाई. इकडच्या कानावर खोच."

"मालूम आहे. म्हनून तर त्या दिवशी एवढ्या जोरानं नाव घ्यावं लागलं."

तिनं कोंब खोचले. मग मी तिच्या कानावर खोचू लागले, पण तिच्या कानामागे केस उरलेले नाहीत, कोंब टिकेनात. शेवटी पदराखाली दाबले.

"सीताराम भोजली," ती म्हणाली.

"सीताराम भोजली. चाल आता, पोरी पुढं गेल्या."

यंदा मी पऱ्ह्यांना काट्यांचं कुंपण घातलं आहे. तिनं विचारलं, काऊन वो, आपलं तर मिटलं ना? मी म्हटलं, तुया बकऱ्यांनी माझ्या कानावर कोंब नाई खोचले.