अडकित्ता घेऊन नागपूरला

२०२४ साल, माझं वय एकाहत्तर. नातवाचं लग्न नागपूरला ठरलेलं. घरची सगळी आदल्या दिवशी दौंडवरून रेल्वेनं गेली. मी कांद्याच्या पाण्याच्या पाळीसाठी (कालव्याचं पाणी मिळायची आमची वेळ) मागं राहिलो, म्हणून नातवानं मला विमानाचं तिकीट काढून दिलं.

आमच्या घराण्यात एक जुना अडकित्ता आहे. हळद लागली की नवरदेवानं तो हातात धरायचा, अक्षता पडेपर्यंत सोडायचा नाही. आज्यानं धरला, बापानं धरला, मीही धरला. आदल्या दिवशी निघताना सून म्हणाली, "आबा, द्या माझ्या पेटीत. तुम्ही कुठं सांभाळत बसता?"

"तू तुझी पेटी सांभाळ," म्हणालो, आणि अडकित्ता बंडीच्या आतल्या खिशात घातला.

हळद संध्याकाळी पाचला, विमान साडेबाराचं. मी सकाळी सहालाच आमचं गाव, कासुर्डी, सोडलं. हडपसरच्या गर्दीतून लोहगावच्या विमानतळावर पोचायला जीपला अडीच तास लागले. पुढं नागपूर आभाळातून सहाशे किलोमीटरच्या वर, आणि ते म्हणे दीड तासात. चौथी शिकलेल्या माणसालाही हे गणित उलटं वाटावं.

तपासणीला यंत्र कोकललं. जवानानं अडकित्ता उघडून पाहिला. "बाबा, ये अंदर नहीं जाएगा. यहीं छोड़ दो."

"मग मीबी जात न्हाई," म्हणालो आणि बाकावर बसलो. रांगेतली माणसं हसली, हसू दिलं.

विमान कंपनीच्या गणवेशातली एक पोरगी आली. "आबा, नवरदेवाचा हाय का? मी शिरूरची. आमच्यातबी धरत्यात. तुमची पिशवी सामानात द्या, ह्यो त्यात ठिवा. विमानाच्या पोटातनं येईल."

"आन् हरवला तर?"

"तर शिरूरला येऊन माझ्या बापाला बोला."

हे मला पटलं. पिशवीला पट्टी चिकटवून ती घेऊन गेली. तेवढ्यात सुनेचा फोन. "आबा, अडकित्ता जवळ हाय ना?"

"हाय की."

वरून भीमा कासऱ्याएवढी दिसली. मग नुसते ढग. चहा संपेतोवर उतरायची वेळ झाली.

नागपूरला सामानाचा पट्टा फिरत होता. दीड तासाचं विमान काहीच नाही, त्या पट्ट्यापाशी वीस मिनिटं सरता सरेनात. सगळ्यांच्या पेट्या गेल्या. सर्वात शेवटी माझी लाल पिशवी डुलत आली. तिथंच अडकित्ता काढून कपाळाला लावला.

पाचला हळद लागली, नातवानं तो धरला. सांबारवडी (तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात) खाताना सून म्हणाली, "पिशवीला ही पट्टी कसली वो?"

"विमानाची शोभा."

ती गालात हसली. तिला सगळं कळलं होतं.

लग्न लावून येताना सगळ्यांबरोबर रेल्वेनंच आलो. अंग आंबलं, पण मधली गावं डोळ्यांखालून गेली. विमानात नुसती वेळ कळते, लांबी कळत नाही.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अडकित्त्याला खोबरेल चोळलं, फडक्यात गुंडाळला आणि सुनेच्या देखत तिच्या पेटीत ठेवला. किल्ली तिच्याकडंच राहू दिली.