तेल दिलेल्या पट्ट्या

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचो.

माझी नात कारंज्याला कॉलेजात शिकत होती. धोतराला चिकटणारं गवताचं कुसळ वाळलं की पीळ घेतं आणि ओलं झालं की उलगडतं. ते पाहून तिनं बियाण्याच्या खोलीसाठी खिडकी केली. लाकडाच्या पातळ पट्ट्या, एका बाजूनं प्लास्टिक चिकटवलेलं. कोरड्या हवेत पट्ट्या वाकून फटी उघडायच्या, दमट हवेत लाकूड ओल प्यायचं आणि पट्ट्या सरळ होऊन फटी मिटायच्या. सोयाबीनच्या बियाण्याला ओल लागू नये, एवढाच खटाटोप. वीज नको, दोरी नको. कॉलेजच्या प्रदर्शनात खिडकी निवडली गेली, तर तिला पुढं यावरच शिकायला मिळणार होतं.

खिडकी तयार झाली, ती प्रदर्शनापर्यंत ओसरीत होती. पेरणीच्या तिफणीच्या लाकडाला आम्ही जवसाचं तेल देतो, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. नातीचं काम टिकावं म्हणून तिच्या पट्ट्यांनाही मी रोज तेलाचा हात दिला. तिला विचारलं नाही.

प्रदर्शनाला निघायच्या दिवशी ती म्हणाली, "आबा, पट्ट्या चकाकून राह्यल्या. काही लावलं का तुमी याले?"

तिचा चेहरा बघून मी घाबरलो. "कायले लावू? फडकं मारलं नुसतं."

मीही सोबत गेलो. प्रदर्शनात दमट हवा दाखवायला तिनं पट्ट्यांवर पाण्याचा फवारा मारला. पट्ट्या हलल्या नाहीत. तिनं पुन्हा मारला.

"काय बाई, खिडकी रुसली का?" एक परीक्षक म्हणाले. पोरं हसली. दुसऱ्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. "थेंब वरच राहतो आहे. हे लाकूड पाणी पीतच नाही. घरी चालत होती म्हणतेस, पाहिली कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेल देण्याआधी मी ती उघडताना-मिटताना रोज पाहिली होती. दोन पावलं पुढं होऊन सांगायचं होतं. मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

निवड दुसऱ्याच्या कामाची झाली. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "माहंच काही चुकलं असन, आबा." मी "होते असं" म्हणालो.

आता ती पुण्यात कुठल्याशा ऑफिसात आहे. लाकडाला पुन्हा हात लावला नाही तिनं. रविवारी फोन करते, "जेवले का, आबा?" विचारते. मी जेवणाचं सांगतो, हवेचं सांगतो. "बाई, तुह्यं काहीच चुकलं नोतं, तेल म्या लावलं, मले माफ कर," एवढं तोंडाशी येतं, तोवर ती म्हणते, "ठेवू का मंग?" आणि मी म्हणतो, "ठेव."