आत्याची थरथरती रेघ

कारखान्यात सगळेच तिला आत्या म्हणायचे, कारण गाड्या पळवून बघणारी तिची सख्खी भाची दिवसभर त्याच नावाने हाका मारत फिरायची.

आत्या शर्यतीच्या मोटरसायकलवर बसणारा डबा जुळवायची. उपग्रहांचे संदेश पकडून गाडी कुठे पोचली ते तो पडद्यावर रेघ ओढून सांगायचा. आत्याला टापटिपीचं वेड. तिचे स्क्रूड्रायव्हरसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे. टेबलावर डब्याची रेघ फुटपट्टीने आखल्यागत यायची. "हलतेय का? नाही ना?" ती भुवई उडवून विचारायची.

पण भाचीने गाडीची मूठ पिळून वेग घेतला की तिसऱ्या सेकंदाला रेघ गायब! दोनदा तसंच झालं. कारखान्याचे साहेब नाकातून म्हणाले, "अहो, उभ्या गाडीचा पत्ता मला खिडकीतूनही दिसतो. आज शेवटची चाचणी. नाही जमलं तर बाहेरून तयार डबे मागवू."

आठ महिन्यांची मेहनत अडगळीत जाणार! आत्याचा चेहरा पडला.

"तुझा डबा आळशी आहे," भाची हेल्मेट काढत म्हणाली.

"आळशी काय गं! शिस्तीचा आहे," म्हणता म्हणता आत्याने जीभ चावली. "थांब. रुग्णवाहिका जवळ येताना कशी वाजते?"

"ईईई!"

"आणि पुढे गेल्यावर?"

"ऊऊऊ!" भाचीने गालही फुगवले.

"अगदी! तू वेग घेतलास की उपग्रहाचा सूर असाच सरकतो. डब्याने त्याच्यामागे धावायला हवं. आणि मी बाई, इकडच्या तिकडच्या खरखरीचा कचरा आत येऊ नये म्हणून सुराची खिडकी एवढीशी ठेवली. कचऱ्याबरोबर सूरही बाहेर!"

तिने खिडकी रुंद केली. टेबलावरची रेघ लगेच थरथरू लागली. "शी! कुणी झोपेत काढल्यासारखी," ती पुटपुटली, पण डबा गाडीवर चढवला.

गाडी सुसाट सुटली. एक, दोन, तीन... रेघ तिथेच. वळण आलं, रेघ वळली. पूर्ण फेरी मारून भाचीबरोबरच परत आली.

साहेबांनी चष्मा वर केला. "जरा हलतेय हो, आत्या."

"पळून आलीये ती, साहेब. धाप तर लागणारच!"

साहेब पहिल्यांदाच नाक सोडून तोंडाने हसले. "बरं, बाहेरचं काही मागवत नाही. असेच आणखी दहा करा."

आत्या स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे लावायला गेली.