उन्हात घातलेलं अंथरूण

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराशेजारचा जुना बंगला पाडला. जागांना एकदम भाव आला होता, तिथं अपार्टमेंट होणार असं सगळे म्हणत. पण काम सुरूच झालं नाही, आणि पावसाळा सरता सरता त्या मोकळ्या प्लॉटवर कमरेइतकं गाजरगवत माजलं. त्याला बारीक पांढरी फुलं आली आणि माझं नाक वाहू लागलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील सुलतान बाजारात कापडाच्या दुकानी नोकरीला. माझं कॉलेज सकाळचं, पहिला तास अकाउंटन्सीचा. रात्रभर शिंका यायच्या, टाळूला खाज सुटायची, आणि सकाळी वर्गात डोळे मिटायचे. सहामाहीत नापास झाले तेव्हा वडील म्हणाले, तब्येत साथ देत नसेल तर यंदा राहू दे. ते रागावले नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली. एकदा घरी बसले की मला कुणी परत पाठवणार नाही, हे मला कळत होतं.

डॉक्टरांनी परागकणांची ॲलर्जी सांगितली. त्यांच्या गोळीने शिंका थांबत, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राही. तेव्हा घरात करता येईल ते सगळं करायचं मी ठरवलं. प्लॉटकडची खिडकी बंद केली. झाडूऐवजी ओल्या फडक्याने खोली पुसू लागले. बाहेरचे कपडे मोरीपाशीच बदलायचे, झोपण्याआधी केस धुवायचे. दिवेलागणीनंतर केस धुणाऱ्या मुलीला आई काय काय बोलली, ते इथं लिहीत नाही. तरी फरक पडेना.

आई आपल्या परीने उपाय करतच होती. केबलच्या नव्या वायरी बाजूला सारून माझी गादी, उशी आणि वाकळ ती रोज गच्चीच्या कठड्यावर टाकायची. उन्हाने सगळं दुखणं जातं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं.

मग परतीचा पाऊस लागून राहिला. अंथरूण घरातच राहिलं आणि मी सकाळपर्यंत झोपले. ऊन पडलं, आईने लगबगीने गादी वर नेली, आणि त्या रात्री मी पुन्हा उठून बसले.

पावसाने फुलंही झोडपली असतील, त्यामुळे दोष गच्चीवरच्या उन्हाचाच, अशी मला खात्री नव्हती. म्हणून सुट्टीच्या एका दिवशी, कडक ऊन असताना, मी उशी मांडीवर आणि वाकळ पाठीशी घेऊन गादीवर बसले आणि अभ्यास करत राहिले. आई अंथरूण न्यायला दोनतीनदा येऊन गेली. मी उठले नाही. त्या रात्री झोप लागली.

आईला सांगणं जड गेलं.

"म्हणजे मीच तुला आजारी पाडते म्हण की."

"तू नाही गं. गच्चीवर गवताचं उडतं, ते गादीत बसतं."

"बिनउन्हाच्या अंथरुणात लेकराला निजवू? नक्को बाई."

वडील जेवत होते. म्हणाले, "हौ, आता ऊनच धुऊन घ्या दोघी मिळून."

त्यांच्या थट्टेवरूनच मला सुचलं. मग मी चाचरत म्हटलं, ऊन दाखव, पण झाकून दाखव.

आईने वडिलांकडून मांजरपाटाचं कापड मागवलं आणि गादीपेक्षा मोठी खोळ शिवली. गादी, उशी, वाकळ सगळं त्या खोळीत घालून गच्चीवर जायचं. संध्याकाळी जिन्याच्या दारातच ती खोळ निघायची आणि थेट बादलीत बुडायची. प्लॉटकडची खिडकी मी तशीच बंद ठेवली, केसही रात्रीच धुतले.

शिंका पूर्ण गेल्या नाहीत. पण थंडीच्या तोंडावर एका सकाळी आईने मला हलवून जागं केलं, तेव्हा कॉलेजची बस निघून गेलेली. ती वडिलांना सांगत होती, पोरगी चक्क घोरत होती. वडिलांनी हातातला चहा ठेवला आणि सायकल बाहेर काढली. "बस मागे," म्हणाले. "पहिला तास सापडेल अजून."