मंजुळा दार उघडत नाही

डोळा लागतोय हे भागोजीला कळतं, पण थोपवायचा कसा ते कळत नाही. माथ्यावर ऊन, खाली लाकडी तराफा, त्याखाली अरबी समुद्र. लढाईचे दिवस. परवा पाणबुडीनं त्यांच्या मालवाहू बोटीवर टॉर्पेडो सोडला. बॉयलरपाशी कोळसा टाकणाऱ्यांपैकी एकटा भागोजी चोगले वर आला. तराफ्यावर त्याच्यासोबत फक्त खलाशांवरचा म्हातारा सारंग हुसेनभाय, भाजलेले हात छातीशी धरून पडलेला. लाटेनं ओढून नेऊ नये म्हणून भागोजीनं दोघांच्या कमरेला दोर बांधलाय.

"भागोजी, झोपू नको रे."

"नाही झोपत, हुसेनभाय," म्हणता म्हणता भागोजी बॉयलरसमोर उभा असतो. भट्टीचं दार उघडतो तर आत हर्णैच्या त्याच्या घरामागचं अंगण. दांड्यांवर बोंबील वाळतायत आणि खालून गुडघाभर पाणी वाहतंय. पलीकडे मागचं दार. दाराआड भांडी वाजतात. मंजुळा, त्याची बायको, शिमग्याआधी तापानं गेलेली.

"मंजे, दार उघड. दमलो गं."

"कोनी बोलावलं तुला?"

हयात असताना तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"सगळे सोबती गेले. मी एकटा राहून काय करू?"

"वैद्य म्हनला, ही सकाळ बघत नाही. मी बघितली. दुसऱ्या दिवशीचीबी बघितली. एकेका श्वासासाठी भांडले मी. आनि तू आपला फुकट द्यायला आलास?"

भागोजी ऐकत नाही. दार दोरानं बांधलेलं आहे. तो गाठ सोडवायला लागतो. ओली गाठ, नखं दुखतात, पण सुटत येते.

"हात लावू नको."

"सोडवणार."

"सोडव तर खरं!"

फळ्यांच्या फटीतून हात येतो, त्याचं मनगट आत खेचतो, आणि ती कडकडून चावते.

तो ओरडतो. त्याचा पाय खाऱ्या पाण्यात आहे, कमरेची गाठ सुटत आलीय, आणि हुसेनभाय भाजल्या हातांनी त्याचा सदरा धरून हाका मारतोय. भागोजी वर चढतो, दोर दोनदा आवळतो, आणि समुद्राच्या सात पिढ्या उद्धरणारी शिवी हासडतो.

हुसेनभायचं फुटक्या ओठांचं, बिनदातांचं बोळकं हसतं. "अजून एक दे. माझ्यातर्फे."

मग दोघंही देत राहतात. ऊन कलल्यावर एका अरबी गलबताचं शीड दिसतं, तेव्हा उरलासुरला आवाज ते त्याच्याकडे फेकतात.

गलबतावर पाणी पाजणारा खलाशी भागोजीचं मनगट उलटं करून पाहतो आणि खुणेनं विचारतो, कोण चावलं? दातांचे ठसे लालभडक उठलेत. वरच्या ओळीत मधली एक जागा मोकळी आहे. मंजुळेचा तिथला दात पडलेला होता.

भागोजी आपल्या दातांवरून जीभ फिरवतो. सगळे जागच्या जागी आहेत.