मामांची चूळ

शिव्या देण्याआधी पायातल्या वहाणा काढून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे मामा. केडगावातल्या माझ्या घरी, भिंतींना गोधड्या ठोकून केलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत ते अनवाणी शिरत, टोपी खुंटीला लावत, माइकला हात जोडत आणि मग असं काही तोंड सोडत की शेजारच्या काकू खिडकी लावून घेत. काम आटोपलं की थेट अंगणातल्या नळावर जायचं. तीन चुळा भरल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. "तोंड इटाळतं रं," म्हणायचे. "हौसंनं इटाळलं म्हून काय झालं? धुवाया नको?"

मामांची सारी नोकरी श्रीरामपूरच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली होती. निवृत्तीनंतर मामी आणि ते केडगावला आले. मी तेव्हा एका लहानशा वाहिनीसाठी सात-सात मिनिटांची कार्टूनं करत होतो. नायक एक टोणगा. तो ढेकर द्यायचा, पादायचा आणि दर वाक्याला शिवी हासडायचा. त्याची म्हैस नुसती रवंथ करत बघत राहायची. मामांच्या आवाजानं टोणगा गावोगाव पोचला. मामी एकदा मला म्हणाल्या, "घरात ह्यांच्या तोंडून शब्द निघत न्हाई, आन् तिथं बघा कसे सुटत्यात!"

मग टोणग्याचा मोठा चित्रपट करायचं ठरलं. मी जुन्याच विनोदांची माळ ओवून नेली. मामांनी वही मिटली आणि म्हणाले, "सात मिन्टं शिव्या खपत्यात. दोन तास कोन बसंल? आता त्याला कुठंतरी दुखलं पायजे." मामींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चित्रपटात म्हैस मरते, हे त्यांनीच सुचवलं. मला ते विचारायचंही धाडस झालं नसतं.

त्या प्रसंगाला टोणग्याची दोनच वाक्यं होती. मेलेल्या म्हशीला तो म्हणतो, "ऊठ की." मग, "बरं, राहू दे." मामा "ऊठ की" म्हणाले आणि थांबले. मी हेडफोन लावून बसलो होतो. त्यांचा श्वास ऐकू येत होता, जरा अडखळणारा. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बरं, राहू दे." बाहेर आले, चहा उचलला. मी नळाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "आज नको."

आणि मी काय केलं? सात मिनिटांच्या कार्टूनात आवाजातली रिकामी जागा म्हणजे पाप. दिसली की कापायची, संगणक भरू नये म्हणून मूळ फाइल पुसून टाकायची. वर्षानुवर्षांची सवय. रात्रंदिवस काम चाललं होतं, हात आपोआप चालला. चित्रपट पहिल्यांदा चार लोकांना दाखवला तेव्हा "ऊठ की, बरं, राहू दे" हे एका दमात आलं आणि लोक खो-खो हसले. मामा माझ्या शेजारीच होते. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मधी मी थांबलो हुतो. ते कुठं गेलं?"

मी खरं सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चिडले नाहीत. "पुन्हा करू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले. वहाणा काढल्या, टोपी खुंटीला लावली, हात जोडले. "ऊठ की." थांबले. अगदी तेवढंच, घड्याळ लावून मोजावं इतकं. श्वाससुद्धा तसाच अडखळवला. "बरं, राहू दे." काम चोख झालं होतं.

मामा आता नाहीत. तो प्रसंग आला की थिएटरात आजही लोक डोळे पुसतात, आवाज काय लावलाय म्हणतात. मी मान डोलावतो. त्यांना मी कसं सांगू, की त्या दिवशी एकही शिवी न देता मामा खोलीतून बाहेर आले, माझ्याकडे न बघता नळावर गेले आणि किती तरी वेळ चुळा भरत राहिले.