डबल सेव्हन

हसू नका, पण माझा नवरा दर शुक्रवारी संध्याकाळी पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून शाळेच्या पोरांच्या फुटबॉलला शिट्ट्या वाजवतो. निमिष मूळचा नागपूरचा, आठवडाभर कंपनीत कोड लिहितो. इकडे अमेरिकेत अर्विंगला आलो तेव्हा आम्हाला या अमेरिकन खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता याला सगळे नियम तोंडपाठ आहेत. चूक दिसली की पिवळा रुमाल फेकायचा आणि हातांनी खूण करायची. मी पोळ्या लाटतेय आणि हा शेजारी उभा राहून स्वतःचंच मनगट धरतोय! ही म्हणे 'होल्डिंग'ची खूण, समोरच्याला धरून ठेवलं त्याची.

पण माइक फक्त पांढऱ्या टोपीवाल्या मुख्य रेफरीला. चूक कुणाची, दंड किती, हे सगळ्या स्टेडियमला तोच सांगतो. निमिषला ती टोपी हवी होती. आमची आन्या मैत्रिणींबरोबर मॅच बघायला जाते. तिने एकदा बाबाचा आवाज तिथे ऐकावा, एवढीच हौस बिचाऱ्याची.

यंदा मुख्य रेफरीचा गुडघा गेला आणि टोपी याला मिळाली. पहिल्याच मॅचला होल्डिंग. रुमाल झकास फेकला, मनगट झकास धरलं, माइक सुरू केला आणि म्हणाला, "होल्डिंग, ऑफेन्स, नंबर डबल सेव्हन."

झालं! आपण जन्मभर फोन नंबर असेच सांगत आलो ना? इथे खेळाडूच्या शर्टावरच्या त्या नंबराला म्हणतात सेव्हंटी-सेव्हन. कुणीतरी त्याचाच हेल काढून ओरडलं, मग अर्धं स्टेडियम खिदळत ओरडायला लागलं. अरे मेल्यांनो, निर्णय चुकला होता का? नव्हता. पण ते कोण बोलणार!

सोमवारी शाळेत आन्याचंच नाव 'डबल सेव्हन' पडलं.

निमिष गाडी चालवताना 'सेव्हंटी-सेव्हन, सेव्हंटी-सेव्हन' घोकत होता, लहानपणी पाढे घोकायचा तसा. गुरुवारी जेवताना पोरगी ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट टॉक. जस्ट डू द हँड्स."

माझं डोकंच फिरलं. "अगं, बाप आहे तो तुझा! लाज वाटते त्याची?"

निमिषने मला हातानेच थांबवलं. "जाऊ दे ना रेणू. खुणा सगळ्यांना कळतात."

दुसऱ्या दिवशी मॅचला त्याने माइक बिघडलाय म्हणून सांगितलं. साफ खोटं. रुमाल पडला, याने मनगट धरलं, दंड दाखवला, तोंड गच्च मिटलेलं. कुणी हसलं नाही. कुणाचं काही अडलंही नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

खेळ थांबला तेव्हा त्याने वर मुलांच्या रांगेकडे पाहिलं. आन्याने खूश होऊन त्याला अंगठा दाखवला.

इथे त्याचा अर्थ शाब्बास. आपल्याकडे बापाला अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते आम्ही तिला कधी शिकवलंच नाही.